काम चालू असलेला रस्ता आणि टोलनाका: वेग कुठे सोडायचा, लेन कधी धरायची

महामार्गावर तासभर गाडी चालवली की हाताला, पायाला आणि डोळ्यांना एक लय लागते. लेन तीच, वेग तोच, पुढच्या गाडीचं अंतरही जवळपास तेच. ही लय हमखास मोडणाऱ्या दोन जागा म्हणजे काम चालू असलेला पट्टा आणि टोलनाका. दोन्हीकडे रस्त्याची रुंदी एकाएकी बदलते, काही गाड्या धावत असतात तर काही उभ्या असतात, आणि एरवी जिथे कुणी पायी दिसत नाही तिथे माणसं वावरत असतात. म्हणून या दोन्ही जागांचा विचार एकत्रच करायला हवा असं मला वाटतं. दोन्हीकडे लागू पडणारा नियमही एकच आहे: किती वेगाने जायचं आणि कुठल्या लेनमधून जायचं, हे अलीकडच्या मोकळ्या रस्त्यावरच ठरवून टाकायचं. आत शिरल्यावर नवा निर्णय घ्यायची वेळ आली, तर आपल्याला आधीच उशीर झालेला असतो.

आधी वेगाचा हिशेब

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. समोरचा अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी तीस-चाळीस मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर पूर्ण थांबायला आणखी ५५ ते ६० मीटर लागतात. बेरीज शंभर मीटरच्या घरात जाते. तीच बेरीज ८० च्या वेगाला साधारण ७० मीटर, ६० ला ४५ मीटर आणि ४० ला २५ मीटरच्या आसपास येते. वेग दुप्पट झाला की नुसतं ब्रेकचं अंतर चौपट होतं.

हे आकडे कोरड्या आणि सलग रस्त्याचे आहेत. कामाच्या पट्ट्यात रस्ता तसा क्वचितच असतो. सुटी खडी, माती, पाणी मारलेला भाग, नुकताच मारलेला डांबराचा पातळ थर, यांवर टायरची पकड कमी होते आणि थांबायला दीडपट, कधी दुप्पट अंतर लागतं.

आता दुसरी बाजू बघा. तीन किलोमीटरचा पट्टा ४० च्या वेगाने पार करायला साडेचार मिनिटं लागतात आणि ६० च्या वेगाने तीन मिनिटं. दामटून गेलात तर वाचणार दीड मिनिट. त्या दीड मिनिटासाठी थांबण्याचं अंतर २५ वरून ४५ मीटर होतं, आणि मधल्या वीस मीटरमध्ये एखादा कामगार उभा असू शकतो. हा व्यवहार कुठल्याही बाजूने परवडणारा नाही.

कामाच्या पट्ट्याची रचना

नीट आखलेल्या पट्ट्याचे टप्पे ठरलेले असतात. ते माहीत असले की प्रत्येक पाटीचा अर्थ आपोआप लागतो.

पहिला टप्पा इशाऱ्याचा. पुढे काम चालू आहे, वेगमर्यादा अमुक, लेन बंद, अशा पाट्या एकामागून एक येतात. वेगवान महामार्गावर पहिली पाटी प्रत्यक्ष कामाच्या एक-दीड किलोमीटर आधीही असू शकते. बऱ्याच देशांत तात्पुरत्या पाट्यांचा रंग नारिंगी किंवा पिवळा ठेवतात, तो याचसाठी, की नेहमीच्या पाट्यांमध्ये त्या वेगळ्या उठून दिसाव्यात. नेहमीची पाटी १०० सांगत असेल आणि तात्पुरती ५०, तर ५० पाळायचे. पहिली पाटी दिसली की लगेच एक्सलरेटरवरचा पाय काढा, आरशात मागे बघा आणि वेग हळूहळू उतरवायला लागा. पाटी दिसते पण काम दिसत नाही, म्हणून बरेच जण त्याच वेगाने पुढे जातात आणि पुढच्या वळणाआड उभ्या रांगेवर जाऊन आदळतात.

दुसरा टप्पा वळवण्याचा. इथे कोन किंवा बॅरिकेड तिरक्या रेषेत लावून एक लेन हळूहळू मिटवत आणलेली असते. ही तिरकी रेषा वेगमर्यादेच्या हिशेबाने आखलेली असते. वेग जास्त असेल तर तीच रेषा अंगावर येते आणि स्टेअरिंगला हिसका द्यावा लागतो.

तिसरा टप्पा मोकळ्या जागेचा, आणि गैरसमज होतो तो इथेच. कोन लावलेत, लेन बंद आहे, पण आत ना माणूस ना यंत्र. चालक वैतागतो. काही महाभाग कोनांच्या मधून गाडी घालून पुढे जातात. ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. एखाद्या गाडीचा ब्रेक लागला नाही, चालकाला डुलकी लागली, तर ती गाडी कामगारांपर्यंत पोहोचण्याआधी थांबावी म्हणून तेवढं अंतर सोडलेलं असतं. कधी कधी त्या जागेत मागच्या बाजूला जाड आघातशोषक बसवलेला ट्रक उभा असतो, त्याच्यावर बाण लुकलुकत असतो. तो ट्रक पुढे काम करणाऱ्यांची ढाल आहे. त्या रिकाम्या जागेत शिरणं म्हणजे त्यांच्या वाट्याची सुरक्षितता वापरून टाकणं.

त्यापुढे प्रत्यक्ष काम, आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा होण्याचा टप्पा.

अर्थात प्रत्येक ठिकाणी आखणी इतकी नीट सापडेलच असं नाही. कुठे चार दगड आणि एक फांदी ठेवून लेन बंद केलेली असते, कुठे काम संपून गेलं तरी पाट्या तशाच असतात. अशा वेळी पाटी नाही म्हणून काम नाही असं धरू नका. रस्त्यावर माती दिसली, पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट एकाएकी लागले, डंपर वळताना दिसला, तर तीच पाटी समजा.

दोन लेनची एक होताना

सर्वांत जास्त भांडणं याच जागी होतात. एक गट म्हणतो, पाटी दिसली की लगेच चालू लेनमध्ये जा. दुसरा गट रिकाम्या लेनमधून शेवटपर्यंत जाऊन तोंड घालतो, आणि बाकीचे त्याला आत घेत नाहीत.

दोघांचंही म्हणणं एका परिस्थितीत बरोबर आहे. वाहतूक वेगात वाहत असेल तर लवकर लेन बदलणंच सुरक्षित, कारण तेव्हा गाड्यांमध्ये अंतर असतं आणि शेवटच्या क्षणी घुसायला गेलात तर वेगातला फरक अंगाशी येतो. पण वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असेल तर दोन्ही लेन अगदी शेवटपर्यंत वापरायच्या आणि जिथे लेन संपते तिथे एक गाडी इकडची, एक तिकडची, असं चेनचे दात बसतात तसं एकात एक मिसळायचं. यामुळे रांगेची लांबी कमी होते आणि दोन्ही लेनमधला वेग सारखा राहतो. जर्मनीत तर ही पद्धत वाहतूक नियमांतच लिहिलेली आहे. म्हणून रांगेत असाल तर शेवटपर्यंत आलेल्या गाडीला चोर समजू नका, एक गाडी आत घ्या आणि पुढे सरका. आणि तुम्ही मिटणाऱ्या लेनमध्ये असाल तर इंडिकेटर वेळेवर द्या, शेजारच्याच्या वेगाशी आपला वेग जुळवा, मग आत या. लेन अडवून मधोमध गाडी चालवणं, म्हणजे मागच्यांना धडा शिकवायला दोन लेनच्या रेषेवर बसून राहणं, हा सर्वांत धोकादायक प्रकार. त्याने कुणीही शिकत नाही, फक्त चिडलेला माणूस साइडपट्टीवरून पुढे जायला बघतो.

आत शिरल्यावर

- पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ती गाडी ज्या कोनापाशी गेली तिथून मनात मोजायला सुरुवात करा. तीन मोजून व्हायच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर अंतर कमी आहे.
- दोन्ही हात स्टेअरिंगवर. फोन, गाणी, खाणं, सगळं पट्टा संपेपर्यंत बंद.
- लेन बदलायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही.
- हेडलाइट दिवसाही लावा. धुळीत तुमची गाडी कामगाराला आणि समोरून येणाऱ्याला लवकर दिसते.
- मोबाइलवरचा नकाशा काहीही सांगो, हातातली पाटी किंवा झेंडा दाखवणारा माणूस सांगेल तसंच जायचं. डायव्हर्जन सकाळी बदललं तर नकाशाला ते कळायला वेळ लागतो.

ट्रकच्या शेजारी शेजारी जाणं टाळा. महामार्गाची लेन एरवी साडेतीन मीटरच्या आसपास रुंद असते, कामाच्या पट्ट्यात ती बरीच अरुंद करतात. ट्रकची रुंदी अडीच मीटर, आरसे त्याहून बाहेर. शिवाय वळणावर लांब ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणजे तुमच्या लेनमध्ये येऊ शकतात. एक तर त्याच्या मागे राहा, नाही तर पट्टा सुरू व्हायच्या आधीच पुढे निघून जा.

समोरासमोरची वाहतूक एकाच बाजूने वळवलेली असेल तर मधे दुभाजक नसतो, फक्त कोन किंवा प्लास्टिकचे खांब असतात. इथे आपल्या लेनच्या मधोमध गाडी ठेवणं एवढंच काम. महामार्गावरून आलेल्या माणसाला समोरून गाडी येईल याची सवय राहिलेली नसते, म्हणून ही गोष्ट शेजारी बसलेल्यालाही मोठ्याने सांगून ठेवावी असं माझं मत आहे. चार डोळे बरे.

कडेखाली चाक उतरलं तर

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे हाताची पहिली प्रतिक्रियाच चुकीची असते.

नवीन थर टाकताना एका लेनची उंची दुसरीपेक्षा वाढते, किंवा साइडपट्टी खाली राहते. मधे चार-सहा इंचांची पायरी तयार होते. गाडीचं एक बाजूचं चाक त्या पायरीखाली घसरतं. चालक दचकतो आणि गाडी वर घ्यायला स्टेअरिंग वळवतो. पण टायरची बाजू डांबराच्या उभ्या कडेला घासत राहते, चाक वर चढत नाही. म्हणून तो आणखी वळवतो. मग एका क्षणी चाक कडेवर चढतं. तोवर पुढची चाकं बरीच वळलेली असतात आणि वर येताच त्यांना पूर्ण पकड मिळते. गाडी एका झटक्यात आडवी होऊन शेजारच्या लेनमध्ये, नाही तर थेट समोरच्या वाहतुकीत घुसते. उंच गाडी असेल तर उलटतेही.

बरोबर पद्धत अशी: स्टेअरिंग घट्ट धरून सरळ ठेवा. एक्सलरेटर सोडा. ब्रेक करकचून दाबू नका, कारण दोन बाजूंच्या चाकांखाली वेगवेगळी जमीन आहे आणि गाडी फिरू शकते. एक बाजू खाली असतानाच गाडीचा वेग पडू द्या. वेग अगदी कमी झाला की मागे-पुढे बघून, पायरी जिथे सर्वांत कमी आहे तिथे, थोडं वळवून वर या. समोर खांब किंवा माणूस नसेल तर खाली असतानाच पूर्ण थांबलात तरी बिघडत नाही.

पृष्ठभागाचे बाकीचे प्रकार थोडक्यात. जुना थर खरवडून काढलेल्या रस्त्यावर लांब खाचा असतात, त्यावर स्टेअरिंग थरथरतं आणि गाडी किंचित इकडेतिकडे ओढली जाते. स्टेअरिंगशी झगडू नका, नुसता वेग कमी ठेवा. सुट्या खडीवर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर काच फुटते. खड्ड्यावर टाकलेली लोखंडी प्लेट ओली असेल तर तिच्यावर ना ब्रेक, ना वळण.

माणसं

बाकी सगळं सोडून एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कोनाच्या पलीकडे काम करणाऱ्या माणसाचं तोंड बहुतेक वेळा रस्त्याकडे नसतं. तो डांबर पसरतोय, पातळी मोजतोय, रोलरचा आवाज कानात आहे. तुमचा हॉर्न त्याला ऐकू येईलच असं नाही, आणि ऐकू आला तर तो दचकून कुठल्या बाजूला सरकेल हे सांगता येत नाही. म्हणून हॉर्नच्या भरवशावर राहू नका. त्याच्यात आणि तुमच्यात एक रबरी कोन आहे, दुसरं काहीही नाही.

कामाची वाहनं महामार्गाच्या वेगाने लेनमध्ये येत नाहीत. डंपर थांबलेल्या अवस्थेतून निघतो आणि भरलेला असेल तर वेग घ्यायला खूप वेळ लावतो. रोलर मागे-पुढे करतच असतो. त्यांच्या मागच्या बाजूला चालकाला काही दिसत नाही. कोनांच्या रांगेत फट दिसली की तिथून एखादं वाहन बाहेर येणार असं धरूनच चला.

झेंडेवाल्याने थांबवलं तर त्याच्यापासून अंतर राखून थांबा, त्याच्या पायाशी गाडी नेऊ नका. मागून कुणी धडकलं तर तुमची गाडी त्याच्यावर जाईल. त्याने सोडलं तरी आधी समोर बघा. दुसऱ्या टोकाच्या माणसाशी त्याची चुकामूक झालेली असू शकते.

रांगेचं शेपूट

कामाच्या पट्ट्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती आतल्या भागाची नाही, तर बाहेर लागलेल्या रांगेच्या शेवटच्या गाडीची. कामाचे इशारे ठरलेल्या जागी असतात, पण रांग वाढत वाढत त्या पाट्यांच्याही मागे जाते. मग मागून ताशी १०० ने येणाऱ्याला पाटी दिसायच्या आधी उभी गाडी दिसते. टोलनाक्याच्या रांगेलाही हे तंतोतंत लागू आहे.

रांगेच्या शेवटी पोहोचताना लांबूनच ब्रेकवर हलके दोन-तीन टप्पे घ्या, म्हणजे मागच्याला दिवे लुकलुकताना दिसतील. चारी इंडिकेटर लावा. पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुम्हाला बसल्या जागेवरून दिसेल एवढ्या अंतरावर थांबा. अवजड वाहनामागे त्याहून जास्त. चाकं सरळ ठेवा. आणि आता महत्त्वाचं: थांबल्यावर नजर आरशात. मागे दोन-तीन गाड्या येऊन व्यवस्थित थांबेपर्यंत गियर काढू नका, फोनला हात लावू नका. मागचा थांबत नाही असं वाटलं तर सोडलेल्या जागेचा उपयोग करून कडेला सरकता यायला हवं. मागे गाड्या लागल्या की चारी इंडिकेटर बंद करायला हरकत नाही.

दोन ट्रकच्या मधे छोटी गाडी घेऊन रांगेत उभं राहायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. दुसरी लेन मोकळी असेल तर ती घ्या, हळू सरकली तरी चालेल.

रात्र आणि पाऊस

रात्री कामावरचे मोठे दिवे डोळ्यांवर येतात आणि त्यांच्यापुढचा अंधार आणखी गडद वाटतो. नजर दिव्यावरून काढून आपल्या लेनच्या कडेवर, कोनांच्या चमकत्या पट्ट्यांवर ठेवा. अप्पर लावू नका, कामगारांचे डोळे दिपतात. समोरची काच आतूनही पुसलेली हवी; आतला धुरकट थर दिवसा जाणवत नाही, रात्री प्रत्येक दिवा त्यावर पसरतो.

ओल्या रस्त्यावर, किंवा सूर्य समोर खाली आलेला असताना, आणखी एक फसगत होते. खरवडून पुसलेल्या जुन्या पट्ट्या नव्या पट्ट्यांपेक्षा जास्त चमकतात. चालक जुन्या रेषेच्या मागे जातो आणि थेट बॅरिकेडकडे निघतो. अशा वेळी जमिनीवरच्या रेषेपेक्षा कोनांची रांग आणि पुढच्या गाडीची वाट जास्त भरवशाची.

दुचाकीस्वारांनी खरवडलेला रस्ता, लांबीच्या दिशेने जाणारी पायरी आणि ओली लोखंडी प्लेट या तिघांना जपावं. पायरी ओलांडायचीच असेल तर जेवढा मोठा कोन करून ओलांडता येईल तेवढा करावा, समांतर जाऊन चढायला बघू नये. पुढचा ब्रेक खडीवर अलगद.

पट्टा संपल्याची पाटी येईपर्यंत वेग वाढवू नका. शेवटच्या कोनापाशी सगळेच एकदम पळ काढतात, आणि कामाची वाहनं तिथूनच आत-बाहेर करतात.

टोलनाका: निम्मं काम घरी

टोल आपोआप भरणारा टॅग (फास्टॅगसारखा) चालू आहे का, त्यात पुरेसे पैसे आहेत का, तो काचेवर नीट चिकटलेला आहे का, हे निघण्याआधी बघा. धातूचा अंश असलेल्या काचेवर किंवा फिल्मवर टॅग वाचला न जाण्याची शक्यता असते; गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठी काचेवरची जागा दिलेली असते. टॅग चालला नाही तर पैसे कसे देणार, त्याचं साधन आधीच हाताशी असावं, आणि ते चालकाने नव्हे, शेजारच्याने काढावं. पाकिटासाठी सीटबेल्ट सोडून मागच्या सीटकडे वळणारा चालक ऐन रांगेच्या शेपटापाशी रस्ता बघत नसतो. मुलांचेही सीटबेल्ट नाका पार होईपर्यंत तसेच राहू द्या.

लेनची निवड

पहिली पाटी दिसली की वेग उतरवायला लागा. त्यानंतर लेनवरच्या खुणा बघा: हिरवा बाण चालू, लाल फुली बंद, टॅगची लेन, रोखीची लेन, मोठ्या वाहनांची रुंद लेन. निदान ३०० मीटर आधी लेन ठरलेली असावी. शेवटच्या शंभर मीटरमध्ये ती बदलायची नाही, शेजारची रांग कितीही भराभर सरकत असली तरी.

शक्यतो ज्या लेनमधून आलात तिच्या समोरचीच निवडा. नाक्यापाशी दोन-तीन लेनचा रस्ता दहा-बारा लेनचा होतो. सर्वांत कडेची रिकामी लेन पकडायला तिरके गेलात तर चार रांगा आडव्या कापाव्या लागतात, आणि पलीकडे गेल्यावर तेवढ्याच परत. नाक्यानंतर लगेच बाहेर पडायचं असेल तर मात्र त्या बाजूची लेन घेणंच शहाणपणाचं.

चुकीच्या लेनमध्ये शिरलात? तिथेच राहा. जादा पैसे लागले तर द्या, कर्मचाऱ्याशी बोला, मदतीचं बटण असेल तर दाबा. मागे घ्यायचं नाही, खाली उतरायचं नाही, कोन सरकवून पलीकडे जायचं नाही. मागे आलेल्या ट्रकच्या चालकाला तुमची छोटी गाडी मागे येताना दिसतही नाही.

खिडकीपाशी

लेनमध्ये शिरताना चालण्याच्या वेगाच्या आसपास या. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे असतात आणि केबिनमधून केबिनकडे जाणारा कर्मचारी त्यांच्या आडून एकदम समोर येऊ शकतो. पुढच्या गाडीला चिकटू नका. दांडा एका गाडीसाठी उघडतो. त्याच्याबरोबर निघून जाऊ म्हणणाऱ्याच्या काचेवर तो खाली येतो. दुचाकीस्वाराच्या तर थेट अंगावर. पुढचा ट्रक चढावर थांबलेला असेल तर निघताना तो थोडा मागे येतो, तेवढी जागा सोडा.

खिडकीच्या इतकं जवळ थांबा की हात सहज पोहोचेल. आणि इथे एक नेमका धोका आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे, गियर पुढे जाण्याचा, पाय ब्रेकवर. कार्ड हातातून निसटून खाली पडतं. चालक दार उघडून वाकतो, शरीर एका बाजूला कलतं, ब्रेकवरचा पाय सुटतो आणि गाडी सरकायला लागते. दार आणि कठडा यांच्यामध्ये माणूस सापडतो. म्हणून काही पडलं तर आधी गियर पार्कवर, हँडब्रेक वर, मगच दाराला हात. त्याहून बरं म्हणजे कर्मचाऱ्याला उचलून द्यायला सांगा.

दररोज शेकडो गाड्या जिथे थांबतात तिथे लेनच्या मधल्या पट्ट्यात तेलाचे थेंब साचतात. पहिल्या पावसात ती जागा निसरडी होते. दुचाकीस्वारांनी मधून न जाता चारचाकींच्या चाकांच्या वाटेवरून जावं आणि पाय टेकवताना बघून टेकवावा.

नाका ओलांडल्यावर

दांडा वर गेला की सगळे एकदम वेग घेतात, आणि दहा-बारा लेनच्या पुन्हा दोन-तीन होतात. मिसळायची जागा मर्यादित, वेग वेगवेगळे, आणि ट्रक अजून दुसऱ्या गियरमध्ये. इथे सरळ जा, वेग बेताने वाढवा, इंडिकेटर देऊन एका वेळी एकच लेन बदला. दोन्ही आरसे बघा, कारण इथे दोन्ही बाजूंनी गाड्या आत येतात. पाकीट ठेवणं, पावती बघणं, काच वर घेणं हे सगळं शेजारच्यावर सोपवा.

नाकाच नसलेले टोलरस्तेही आता वाढत आहेत. वरून जाणाऱ्या कमानीवरची यंत्रं टॅग किंवा नंबरप्लेट चालत्या गाडीवरून वाचतात. कॅनडातला ४०७ क्रमांकाचा महामार्ग १९९७ मध्ये सुरू झाला तो असाच, नाक्याविना. अशा कमानीखाली सवयीने ब्रेक दाबू नका. मागचा थांबायच्या तयारीत नसतो. वाहतुकीच्या वेगाने सरळ निघून जा, नंबरप्लेट मात्र स्वच्छ ठेवा.

गाडी बंद पडली तर

कामाच्या पट्ट्यात साइडपट्टी बहुधा नसते. गाडीत बिघाड जाणवला आणि चालू असेल, तर शक्य तेवढी रेटत पट्ट्याबाहेर किंवा आणीबाणीसाठी ठेवलेल्या जागेपर्यंत न्या. नाहीच गेली, तर चारी इंडिकेटर लावा, रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा आणि बॅरिकेडच्या पलीकडे, गाडीपासून दूर आणि येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेला थोडं मागे जाऊन उभे राहा, म्हणजे कुणी गाडीला धडकलं तर ती तुमच्या अंगावर ढकलली जाणार नाही. यंत्रं चालू असलेल्या बाजूला मात्र जाऊ नका. सुरक्षितपणे उतरताच येत नसेल तर सीटबेल्ट लावून आतच बसा आणि मदतीच्या क्रमांकावर फोन करा. टोलच्या लेनमध्ये बंद पडली तर न उतरता हॉर्न देऊन कर्मचाऱ्याला बोलवा. लेनवर लाल फुली लावून मागची रांग तो थांबवेल, आणि मगच गाडी ढकलायला खाली उतरा.